हॅलोजन ओव्हन घ्यावा का आणि घेतलाच तर वापरायचा कसा? (दोन-तीन माणसांच्या घरासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमच्या घरी माणसं दोन, सासूबाई आल्या की तीन. नणंद लंडनहून कायमची परत आली तेव्हा तिच्या सामानात हा ओव्हन होता, तिच्या नव्या घरात ओट्यावर जागा नव्हती म्हणून तो आमच्याकडे आला आणि मग इथलाच झाला. तेव्हापासून बिल्डिंगमधल्या बायका, माझी मावसबहीण, ऑफिसमधली मुलं, सगळ्यांनी मला जे जे विचारलंय ते एकदाच इथे लिहून टाकते.

हे नक्की असतं काय? लांबून काचेचं पातेलं वाटतं.

पातेलंच आहे हो. जाड काचेचं मोठं गोल भांडं आणि त्याच्यावर एक जड झाकण, सगळं मशीन त्या झाकणात. आतल्या बाजूला हॅलोजनचा बल्ब, त्याच्यावर छोटा पंखा, बाहेरून दोन डायल, एक टेंपरेचरचा एक टायमरचा. भांड्यात ठेवायला दोन स्टीलच्या जाळ्या येतात, एक बुटकी एक उंच, आणि गरम जाळी उचलायला चिमटा येतो. झाकणाचं हँडल खाली दाबलं तरच चालू होतो, हँडल उचललं की बल्ब पंखा सगळं बंद. नवीन माणूस इथेच पहिल्यांदा फसतो, सगळं सेट करतो आणि हँडल उभंच, मग म्हणतो बिघडलेला आलाय.

बल्बच्या उजेडावर जेवण शिजतं? रेडिएशन वगैरे काही नाही ना?

उजेडापेक्षा धगीवर शिजतं म्हणा. क्वार्ट्झच्या नळीत टंगस्टनची तार असते आणि नळीत थोडा हॅलोजन वायू भरलेला असतो. तार तापली की तिचे कण उडत राहतात, हा वायू ते कण परत तारेवर आणून बसवतो, म्हणून साध्या बल्बपेक्षा ती जास्त तापवता येते आणि टिकते. यातून निघते ती मुख्यतः इन्फ्रारेड, म्हणजे शेगडीसमोर हात धरल्यावर जी धग लागते तीच. मायक्रोवेव्हचं काम वेगळं, तिथे लहरी पदार्थात थोड्या आत शिरून त्यातलं पाणी तापवतात. इथे आधी वरचा पापुद्रा तापतो, आत उष्णता हळूहळू पोचते. एवढं एक डोक्यात ठेवा, कारण खालचे निम्मे प्रश्न यातूनच आलेत.

बल्बकडे टक लावून बघू नका इतकंच, डोळे दिपतात. पदार्थाकडे बघा, काच त्यासाठीच आहे.

घरात मायक्रोवेव्ह आहे. मग हा कशाला?

कालची भाजी गरम करायला घेत असाल तर नकोच. मायक्रोवेव्ह गरम करतो, खरपूस करत नाही. हा खरपूस करतो. उरलेला वडापाव, सामोसा, खारी, कालचा पिझ्झा याच्यात परत माणसात येतात, मायक्रोवेव्हमध्ये त्यांचा रबर होतो.

आणि एअर फ्रायर? सगळे तोच घ्या म्हणतात.

खरं सांगू का, तुमचं मुख्य काम फ्रेंच फ्राइज, नगेट्स, फ्रोझन टिक्की असं असेल तर एअर फ्रायरच घ्या. त्याचा पंखा जोरात असतो, जागा छोटी असते, त्यामुळे कुरकुरीतपणा त्याचा जास्त. पण त्याच्या बास्केटमध्ये चार बांगडे शेजारी शेजारी मावत नाहीत, एकावर एक पडतात, आणि साध्या मॉडेलमध्ये आत काय चाललंय ते दिसत नाही. हॅलोजनमध्ये जाळी मोठी आणि सपाट, आणि सगळं डोळ्यांसमोर. मला दिसल्याशिवाय भाजता येत नाही, आमच्या घराण्यातच आहे ते, आई शंकरपाळ्यांसाठी तुपाचा आवाज ऐकायची आणि मी काचेला नाक लावून बसते.

ओटीजीशी (म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल, तो दाराचा चौकोनी इलेक्ट्रिक ओव्हन) तुलना कराल तर एक मोठा फरक आहे. ओटीजीत रॉड वरही असतो आणि खालीही. हॅलोजनला उष्णता फक्त वरून. त्यामुळे ब्रेड, पिझ्झा, बिस्किटं यांचं बूड याच्यात नीट भाजत नाही, त्याला युक्त्या कराव्या लागतात. आठवड्याला केक-ब्रेड करणाऱ्यांनी सरळ ओटीजी घ्यावा.

दोघांसाठी किती लिटरचा?

बहुतेक १० ते १२ लिटरचेच मिळतात, ते पुष्कळ झाले. लिटरपेक्षा भांड्याच्या तळाचा व्यास बघा आणि त्याहून आधी तुमच्या ओट्यावरची उंची मोजा. झाकणासकट हा चांगला उंच होतो आणि झाकण सरळ वर उचलायचं असतं, वर भिंतीतलं कपाट असेल तर ते तिथे आपटतं. मावसबहिणीने न मोजता घेतला, आता दर वेळी तो डायनिंग टेबलावर आणून लावते आणि जेवणारे त्याच्याभोवती शेकोटीला बसल्यासारखे बसतात.

बिजागरीचं झाकण असलेलं मॉडेल मिळालं तर उत्तम, झाकण कुठे ठेवू हा प्रश्नच मिटतो. फक्त ते मागे झुकतं, म्हणून भिंतीपासून थोडं पुढे ठेवावं लागतं.

डायलवाला की डिजिटल?

डायलवाला. मोडायला कमी गोष्टी असतात आणि सासूबाईंनाही जमतो.

भांडं आणि झाकण यांच्या मधे बसवायची स्टीलची रिंग मिळते ती घ्यावी का? आम्ही काही अख्खी कोंबडी भाजणार नाही.

घ्या. आमच्या घरची सगळ्यात कामाची वस्तू तीच आहे. कंपन्या सांगतात की रिंग लावली की १२ लिटरचं भांडं १७ लिटरचं होतं, मोठा पक्षी मावतो वगैरे, पण आपल्या कामाचं ते नाही. रिंग लावली की झाकण वर जातं, म्हणजे बल्ब पदार्थापासून लांब जातो. या ओव्हनमध्ये टेंपरेचरच्या डायलइतकीच बल्बपासूनची उंची महत्त्वाची, मी तर म्हणेन जास्तच. केक, भरलेली सिमला मिरची, चिकनचे जाड लेग पीस, ज्याला आत शिजायला वेळ हवा ते सगळं रिंग लावून बुटक्या जाळीवर. पनीर, पाव, चीज वितळवणं, ज्याला फक्त वरून रंग हवा ते उंच जाळीवर, रिंग काढून.

साध्या प्लगवर चालेल का?

हे नीट वाचा. याची पॉवर साधारण १२०० ते १४०० वॅट असते. १३०० वॅट धरले तर २३० व्होल्टला साडेपाच अँपिअरच्या वर करंट जातो. आपला छोटा सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे तो अगदी काठावर. पाच मिनिटं निघतील पण अर्धा तास सलग चालवला की सॉकेट गरम होतो, जुना असेल तर प्लास्टिकचा वास येतो. १६ अँपिअरच्या मोठ्या पॉइंटवरच लावा. एक्स्टेन्शन बोर्ड नको, आणि त्याच बोर्डवर इंडक्शन किंवा किटली चालू असताना तर अजिबात नको, एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडेल, आणि नाही पडला तर जास्त वाईट.

घरातल्या इन्व्हर्टरवर चालणार नाही. लाइट गेली की पदार्थ तसाच आत ठेवून वाट बघायची, काच बरीच उष्णता धरून ठेवते.

मुलगा अमेरिकेत असतो, तिकडून आणायला सांगू का?

नको! तिकडचं मशीन १२० व्होल्टचं, आपल्याकडे २३०. लावल्या लावल्या बल्ब जाईल. एवढ्या वॅटला चालणारा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा म्हणजे ओव्हनपेक्षा त्याचंच ओझं जास्त. इंग्लंडचा मात्र चालतो, तिथलाही पुरवठा २३० व्होल्टचाच आहे, फक्त पिना चपट्या. आम्ही सुरुवातीला स्वस्तातला कन्व्हर्जन प्लग लावला होता, तो आत सैल होता आणि महिन्याभरात काळा पडला. मग वायरमनला बोलावून वायरीला आपला १६ अँपिअरचा थ्री-पिन टॉप बसवून घेतला, तेव्हापासून कटकट नाही.

बिल किती येतं?

१३०० वॅटचा ओव्हन सलग ४० मिनिटं चालला तरी पाऊण युनिटच्या थोडं वर जातं, ०.८७ म्हणा. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण बल्ब मधे मधे बंद होत असतो. तुमच्या बिलावर शेवटच्या स्लॅबचा दर काय लागलाय तो बघा आणि गुणा. दोघांसाठी मोठा ओटीजी आधी दहा मिनिटं तापवत बसण्यापेक्षा हे परवडतं, याला दोन-तीन मिनिटं पुरतात.

बल्ब सारखा बंद-चालू होतोय. खराब आलाय का?

नाही, असाच चालतो. सेट केलेलं टेंपरेचर आलं की थर्मोस्टॅट बल्ब बंद करतो, उतरलं की परत लावतो. पंखा फिरतोय ना, मग ठीक आहे. पंखाच बंद असेल तर मात्र वापरू नका.

वरून काळं, आतून कच्चं. दर वेळी हेच होतं!

सगळ्यांचं होतं. पुस्तकातली किंवा यूट्यूबवरची रेसिपी साध्या ओव्हनची असते आणि आपण तेच आकडे इथे लावतो. साधारण २० डिग्री कमी करा, किंवा डिग्री तीच ठेवून वेळ पाव हिश्शाने कमी करा. त्याआधी जाळी बघा. उंच जाळीवर चिकनचा लेग पीस ठेवला की तो बल्बच्या इतका जवळ जातो की दहा मिनिटांत मसाला करपतो आणि हाडाजवळ रक्त तसंच. तोच बुटक्या जाळीवर ठेवला, मधे एकदा उलटला, तर बरोबर होतो. तरीही वरून लवकर रंग यायला लागला तर वर फॉइल घाला, पण कशी ते पुढे वाचा.

फॉइल, बटर पेपर चालतो का?

चालतो, पण आत पंखा आहे हे विसरायचं नाही. मी एकदा नानकटाईखाली बटर पेपर घातला, टिनपेक्षा मोठा कापलेला, कडा बाहेर लोंबत होत्या. दोन मिनिटांनी एक कोपरा वर उठला, हलला, आणि बघता बघता अख्खा कागद उलटून दोन नानकटाया घेऊनच बल्बच्या जाळीला चिकटला. कडेला तपकिरी रंग चढायला लागला तोवर मी हँडल उचललं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून बटर पेपर टिनच्या आत मावेल एवढाच कापते आणि वर पदार्थाचं वजन असल्याशिवाय घालत नाही. फॉइल असेल तर टिनच्या काठाखाली सगळीकडून घट्ट दुमडायची, नुसती पसरायची नाही.

कुठली भांडी ठेवता येतात?

स्टील, अ‍ॅल्युमिनियमचे केक टिन, ओव्हनची काच, सिरॅमिक, चांगली भाजलेली मातीची वाटी. प्लास्टिक आणि मेलामाइन नाही, मायक्रोवेव्ह सेफ लिहिलेलं असलं तरी नाही. टिन भांड्याच्या काठाला टेकेल एवढा मोठा नको, चारी बाजूंनी बोटभर जागा सोडा म्हणजे हवा फिरेल. मी सहा आणि सात इंची टिन वापरते.

वांग्याचं भरीत होतं का?

होतं, आणि गॅसचा बर्नर साफ करत बसावं लागत नाही हे त्यातलं सुख. मोठं वांगं, तेलाचा हात, सुरीने चार-पाच ठिकाणी टोचायचं (हे विसरलात तर फुटून काचेवर सगळीकडे वांगं), बुटकी जाळी, २२० डिग्री, ३५ ते ४० मिनिटं, मधे दोन-तीनदा फिरवायचं. काचेतून दिसतं, आधी साल ताणून चमकते, मग सुरकुतते, मग वांगं हळूच बसतं आणि देठाजवळून रस सुटून खाली टपकून चर्र होतो. तो आवाज आला की झालं. पण धुराचा वास येत नाही, हे कबूल. म्हणून शेवटी एक मिनिट सालीसकट गॅसच्या ज्योतीवर धरते. खानदेशातल्या माणसांना हे दाखवू नका, त्यांचं भरीत काड्यांवर भाजलेलं असतं आणि त्यांचं बरोबरच आहे.

दाणे, पोहे, पापड?

दाणे छान होतात. टिनमध्ये एकाच थरात, १५० डिग्री, पंधरा मिनिटांच्या आसपास, दर पाच मिनिटांनी हलवायचे. थोडे आधीच काढा, गार होताना पुढे भाजले जातात. सुटी झालेली सालं मात्र पंख्याने आत गरागरा फिरतात, ती बल्बवर जाऊन बसायच्या आत बंद करा आणि पाखडायचं काम बाहेर सुपात करा.

चिवड्याचे पातळ पोहे याच्यात नको. मी केलं होतं, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. काचेच्या आत बर्फाचं वादळ.

पापड पण उडतो. तो बुटक्या जाळीवर ठेवून त्याच्यावर उंच जाळी दाबायला ठेवता येते, होतो मिनिटभरात, पण एका पापडासाठी एवढं करण्यापेक्षा गॅस बरा.

उपवासाचं काही?

रताळी! धुऊन, टोचून, २०० डिग्रीवर ३५-४० मिनिटं, बारीक असतील तर आधीच बघा. उकडलेल्यापेक्षा कितीतरी गोड लागतात, पाणी आटतं ना. साल सोलून वर तूप आणि मीठ. एकादशीला आमच्याकडे हाच बेत.

मासे भाजले तर घरभर वास?

तव्यापेक्षा खूप कमी, अजिबात नाही असं नाही. बांगडा साफ करून, दोन्ही बाजूंनी तिरक्या चिरा देऊन, कोकमाचं आगळ, मीठ, हळद, तिखट, आलं-लसूण. उंच जाळीला तेल लावायचं नाहीतर कातडी तिथेच राहते. २०० डिग्री, बारा ते पंधरा मिनिटं, एकदा उलटायचा. भांड्याच्या तळाशी अर्धी वाटी पाणी घाला, म्हणजे ठिबकणारं तेल जळून धूर होत नाही. सुरमईच्या तुकड्या रवा लावून केल्या तर तव्यावरचा कुरकुरीतपणा येत नाही, रवा कोरडाच राहतो, वरून तेलाचा ब्रश फिरवला तर थोडं बरं. माझ्या मते रवा फ्राय तव्यावरच करावं.

चिकन आत शिजलंय हे कसं कळणार?

लेग पीसला खोल चिरा द्या, दह्याच्या मसाल्यात रात्रभर फ्रीजमध्ये, मग बुटकी जाळी, २०० डिग्री, अर्धा तास ते ३५ मिनिटं, शेवटची पाच मिनिटं उंच जाळीवर रंगासाठी. जाड भागात हाडाजवळ सुरी घाला, रस स्वच्छ आला पाहिजे. नवीन असाल तर टोचायचं थर्मामीटर घ्याच, आत ७४ डिग्री दाखवलं की निश्चिंत व्हा. रंगावर विश्वास ठेवू नका, याच्यात रंग फार लवकर येतो.

केक आणि पिझ्झा जमतात का?

केक जमतो. रिंग लावा, बुटकी जाळी, १५० डिग्री, सात इंची टिनला ३५-४० मिनिटं, पंधराव्या मिनिटाला वर फॉइल. टिन अर्ध्याच्या वर भरू नका, फुगून बल्बकडे गेला की त्याच्या डोक्यावर काळा डाग पडतो.

पिझ्झाचा बेस आधी उलटा ठेवून नुसताच चार मिनिटं भाजा, मग सुलटा करून सॉस-चीज घाला आणि परत ठेवा. खालून धग नाही त्याला हाच उपाय.

साफ कसा करायचा?

जेवण होईपर्यंत गार होऊ द्या. मग तळाशी दोन इंच कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, झाकण लावून डायलवर वॉशची खूण असते तिथे दहा मिनिटं. पाणी फिरून मळ सुटतो, मग हाताने एकदा घासा. हळदीचा डाग काचेवर बसत नाही, ही या भांड्याची मोठीच मेहेरबानी. झाकण कधीही नळाखाली धरायचं नाही. प्लग काढून, गार झाल्यावर, पिळलेल्या फडक्याने पुसायचं. बल्बच्या नळीला बोट लावू नका, बोटाचं तेल तिथे राहतं आणि तेवढीच जागा जास्त तापून नळी लवकर जाते.

आणि गरम भांड्यात गार पाणी ओतायचं नाही, गरम भांडं ओल्या ओट्यावर ठेवायचं नाही. काच एका आवाजात जाते.

गरम झाकण कुठे ठेवू?

त्याचा तारेचा स्टँड मिळतो, तो आधी घ्या, ओव्हनसोबतच. माझ्याकडे नव्हता तेव्हा घाईत टेबलावर ठेवलं आणि प्लास्टिकच्या टेबलक्लॉथवर आजही गोल चंद्र उमटलेला आहे. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर भिंतीच्या बाजूला, आत सरकवून ठेवा, काच बाहेरूनही चटका बसेल इतकी तापते.

बल्ब गेला तर?

बदलता येतो, पण वॅट, व्होल्ट आणि आकार तिन्ही जुळावे लागतात. म्हणून घेतानाच विचारा की सुटा बल्ब आणि सुटं काचेचं भांडं मिळतं का, आणि वॉरंटी कार्डावर या दोन गोष्टी वगळल्यात का ते वाचा. दुकानदार "मिळेल ना मॅडम" म्हणाला तर आत्ता दाखवा म्हणा.

कुणीतरी वापरलेला विकतंय, घेऊ का?

घ्या, पण त्यांच्या घरी जाऊन. दहा मिनिटं २०० वर चालवून बघा, बल्ब एकदा तरी आपोआप बंद होऊन परत लागला पाहिजे. पंख्याची घरघर ऐका. काचेच्या काठावरून नख फिरवा, टवका असेल तर कळतो. वायर झाकणाजवळ कडक झालीये का बघा. आणि चालू असताना हँडल उचला. बल्ब विझला नाही तर चहा पिऊन परत या.